मार्शमॅलो प्रयोगाविषयीच्या दाव्याचा खुलासा

‘समोरची मार्शमॅलो मिठाई न खाता थांबणारे मूल पुढे हमखास यशस्वी होते’ हा दावा पालकांमध्ये फिरतो आहे. तो बरोबर नाही. या प्रयोगात समोरची मिठाई लगेच न खाता थांबणाऱ्या मुलाला आणखी एक मिळत असे. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल आणि सहकाऱ्यांना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील मुलांच्या १९९० च्या पाठपुराव्यात थांबण्याचा वेळ आणि पुढे परीक्षेत मिळालेले गुण यांत सहसंबंध आढळला होता, कार्यकारणभाव नव्हे; म्हणजे दोन्ही गोष्टी सोबत दिसल्या, पण एकीमुळे दुसरी घडते हे सिद्ध झाले नाही. २०१८ मध्ये संशोधक टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी, मुख्यतः आई पदवीधर नसलेल्या मुलांच्या बाबतीत, हा संबंध पुन्हा तपासला, तेव्हा तो आधीच्या निम्माच निघाला आणि घरची परिस्थिती व आधीची आकलनक्षमता विचारात घेताच आणखी दोन तृतीयांशाने घटला. डब्यातला खाऊ उद्या उरेल याची खात्री नसलेल्या चार वर्षांच्या मुलाने तो लगेच तोंडात टाकला, म्हणून त्याचे भवितव्य ठरवणे मला अन्यायाचे वाटते.