पाच मिलिमीटर

आमच्या गाडीची लांबी 3995 मिलिमीटर आहे. रक्तगट विचारला तर मी क्षणभर अडखळतो, हा आकडा मात्र झोपेतही सांगेन. शोरूममधल्या पोराने तो इतक्या कौतुकाने सांगितला होता की मला वाटलं, चार मीटरला कमी पडणारे ते पाच मिलिमीटर त्याने स्वतः बसून कानशीने घासून काढलेत. भानगड अशी की 2006 च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतली, छोट्या इंजिनाची गाडी सरकारदरबारी 'लहान' ठरते आणि तिला कर कमी लागतो. म्हणून बाजारातल्या बहुतेक कॉम्पॅक्ट एसयूव्ही बरोबर 3995 वर येऊन श्वास रोखून उभ्या राहतात. रुंदीबद्दल मात्र हा नियम चकार शब्द काढत नाही. आमची 1790 मिलिमीटर रुंद आहे. आरसे सोडून.

आता गोव्यात मये गावातल्या आमच्या घराची वाट. एका अंगाला भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, चिऱ्यांचा गडगा, दुसऱ्या अंगाला शेजारच्या भाईंच्या अंगणाचा कठडा. या दोहोंमधून आमची जुनी मारुती 800 एकवीस वर्षं गेली आणि आली. दीड मीटरही रुंदी नसलेली ती बापडी, मागच्या दाराने विरजण मागायला येणाऱ्या शेजारणीसारखी कधी आली ते कळायचंही नाही. त्यामुळे वाट मोजावी हे मला सुचलंच नाही. सुचलं बायकोला, आणि तेही गाडीचे पैसे भरून आल्यावर, जेवताना.

"ती आपल्या वाटेतून येते ना, बघितलंत?"

रात्री साडेनऊला आम्ही दोघं टॉर्च घेऊन बाहेर. टेप तिची, शिवणकामाची. ती दीड मीटरला संपते, म्हणून जिथे संपली तिथे मी बोट धरून उभा आणि ती पुढचं मोजतेय. सहा फूट दहा इंच. आरसे उघडे धरले तर गाडी साधारण दोन मीटर. म्हणजे दोन्ही बाजू मिळून आठ सेंटिमीटर शिल्लक. "येते की!" मी म्हटलं. भाई खिडकीतून हे सगळं बघत होते. ते म्हणाले, "अरे, थांब थोडे दिवस. घाई कसली?" ते नेमकं कशाबद्दल बोलले हे मला सप्टेंबरात कळलं.

पाडव्याला, 30 मार्च 2025 ला, गाडी आली. तोंडाशी हार, चाकांखाली लिंबं, आणि वाटेच्या तोंडाशी वाड्यावरची अर्धी माणसं. गाडी आत घ्यायला मदत करणारा माणूस हा एक स्वतंत्र विषय आहे. बायको "ये, ये, ये" म्हणते आणि त्याच सुरात "थांब" म्हणते, त्यामुळे थांब हे मला नेहमी एक वीत उशिरा ऐकू येतं. आई "बाबू, सांबाळ रे" एवढंच म्हणते, पण कुठल्या बाजूला ते सांगत नाही. भाई समोर उभे राहून हात उजवीकडे हलवतात आणि तोंडाने "डावीकडे" म्हणतात, कारण हात त्यांच्या बाजूने असतो आणि तोंड माझ्या. या सगळ्यांवर कडी म्हणजे गाडीचे सेन्सर. गडगा, कठडा, जास्वंदीची फांदी, भाईंचं मांजर, सगळ्यांना ते एकाच मापाने किंचाळतात. पहिल्या दिवशी आत यायला अकरा मिनिटं लागली. आता दोन लागतात, आरसे मिटून. मिटलेल्या आरशांनी गाडी कान पाडलेल्या कुत्र्यासारखी दिसते आणि आत बसलेला मीही तसाच दिसत असणार.

पणजीला कामावर जायला मी चोडणमार्गे रायबंदरची फेरी धरतो. जुलैतली नवी रो-रो फेरीबोट तेव्हा यायची होती, मे महिन्यात जुनीच बोट होती. फेरीवर गाड्या लावणारा माणूस मिलिमीटर वगैरे मानत नाही. तो बोनेटवर थाप मारतो, "यो, यो, फुडें यो," आणि आपण गेलो की उरलेल्या फटींत स्कूटर भरतो. माझ्या चारी बाजूंना स्कूटर. सेन्सरने एकदा जो सूर लावला तो मांडवी संपेपर्यंत सोडला नाही. बटण कुठलं हे ठाऊक नव्हतं, दार उघडायला जागा नव्हती. मासळीची पाटी घेऊन उभी असलेली एक बाई खिडकीत वाकली आणि खऱ्या काळजीने म्हणाली, "पात्रांव, तुजी गाडी रडटा मरे!"

एसयूव्ही या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. सत्तरी तालुक्यात मेव्हण्याचं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग आहे. त्याने गाडी बघितली, उंची बघितली आणि म्हणाला, "ही पार आतपर्यंत येणार." मीही फुशारलो. क्रॉसओव्हर म्हणजे अंगापिंडाने जीप आणि आतून आपली साधी कारच, जोर फक्त पुढच्या दोन चाकांना, हे मला ठाऊक होतं. पण बायकोच्या भावासमोर ठाऊक असलेलं सगळं आठवतंच असं नाही. पोफळीच्या आळ्याशी ओल्या मातीत पुढची चाकं फिरत राहिली आणि मागची दोन पाहुण्यासारखी नुसती बसून होती. फळ्या घालून चौघांनी ढकलली. मेव्हणा अजून प्रत्येक फोनच्या शेवटी विचारतो, "आणि जीप कशी आहे?"

सनरूफ मुलीच्या हट्टाने घेतलं. गोव्यात वर्षातले चार महिने वरून पाऊस आणि उरलेले आठ महिने ऊन. छताला भोक पाडून नेमकं काय आत घ्यायचं असतं, हे मला शोरूममध्ये विचारायचं राहून गेलं. तिने दोनदा डोकं बाहेर काढलं, दुसऱ्यांदा तोंडात किडा गेला, आणि तो सोहळा संपला. मग आला जून. पहिल्याच मोठ्या सरीत, साखळी शहराच्या रस्त्यावर, आईच्या डाव्या खांद्यावर टप. आई काही बोलली नाही. पुन्हा टप. तिने पदर डोक्यावर घेतला. तिसऱ्या थेंबाला म्हणाली, "आपलं घर गळतं ते समजू शकते रे, ते नव्वद वर्षांचं आहे."

गॅरेजवाल्याने छताची काच मागे सरकवली आणि मला स्टुलावर चढवलं. काचेच्या चौकटीभोवती एक बारीक पन्हळ असते. तिच्यात साचलेलं पाणी कोपऱ्यांतल्या नळ्यांतून, खांबांच्या आतून, खाली जमिनीवर जातं. म्हणजे सनरूफमध्ये पाणी शिरतंच, ते वाटेला लावायचं एवढीच सोय असते. आमची वाट तुंबली होती. त्याने नळीत नायलॉनची दोरी घातली, हळूहळू फिरवली आणि बाहेर ओढली, तर दोरीला चिकटून आला तपकिरी लगदा. तो हातावर घेऊन वास घेतला आणि हसायला लागला. ओवळां! म्हणजे बकुळीची फुलं. गाडी आमच्या दारच्या ओवळाच्या झाडाखाली उभी असते. ज्या फुलांचा गजरा आई देवाला घालते, त्यांनी दोन महिने पन्हळीत बसून तिच्याच खांद्यावर अभिषेक केला. त्याने पैसे घेतले नाहीत, पण लगदा कागदात बांधून दिला. बकुळीचं फूल सुकलं तरी वास सोडत नाही म्हणतात. ते कुजलं तरी सोडत नाही, एवढी भर मी घालू शकतो.

मायलेज विचारू नका. कागदावर सतरा, रस्त्यावर तेरा.

चवथीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारात माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवाचं, सामान घ्यायला गेलो. डिकी 328 लिटरची, असं पुस्तिकेत लिहिलंय. डिकी लिटरमध्ये मोजणाऱ्याला दूध सोडून दुसरं काही घरी न्यावं लागत नसणार. आम्हाला न्यायचा होता केळ्यांचा घड, पोफळाचं शिपटं, पंधरा नारळ, चिबूड, तवसं, मावळिंग, कवंडाळ, आंबाडे आणि निरफणस. घड आडवा बसेना. मागे कापलेली सगळी लांबी त्या दिवशी मला घडाच्या देठाएवढी दिसत होती. शेवटी मागची सीट पाडली, घड आत आला आणि मुलगी बाहेर राहिली. ती भाईंच्या स्कूटरवरून घरी आली. आंबाड्यांची पिशवी वाटेत फुटली होती. सगळे वेचले असं वाटलं, पण एक सीटखाली रुळात जाऊन बसला आणि नवरात्रात वासावरून सापडला. बकुळीच्या वासाशी त्याचं पटलं नव्हतं.

आणि नवरात्रातच ते झालं. 22 सप्टेंबरपासून लहान गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा एक टक्का उपकरही गेला. म्हणजे दहा लाखांच्या गाडीमागे 85 हजारांच्या घरात फरक. मी घटस्थापनेच्या दिवशी ओसरीवर पेपर घेऊन बसलो होतो आणि आई आतून हिशेब करत होती, "पाव पाच रुपयांना धरला तर सतरा हजार पाव." तेवढ्यात भाई कठड्यापाशी आले. म्हणाले काहीच नाहीत. मार्चमध्ये जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं.

दिवाळीत भाईंनी गाडी घेतली. तीच, त्याच रंगाची, शिवाय वरचं मॉडेल. सनरूफ असलेलं.

आता रोज सकाळी आठला मी बाहेर पडतो, आणि भाई त्याच वेळी देवळातून परत येतात. गडगा आणि कठड्याच्या मधोमध आमची नाकं एकमेकांसमोर येतात. दोघांचे आरसे मिटलेले, दोघांचे सेन्सर किंचाळतायत. सोमवारी मी मागे गेलो होतो, मंगळवारी भाई. कालचा बुधवार कुणी मोजायचा यावर एकमत नाही, कारण काल माझ्या मागे गॅसवाला होता. त्यातच माझ्या मागून पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. पों पों. त्याला फट नाही, वेळही नाही. त्याने सायकल गडग्याला लावली, टोपली माझ्या डिकीवर टेकवली आणि तिथूनच ओरडून विचारलं, "भाई, तुमकां सदांचे स न्हय?"

भाईंनी काच खाली करून सहा बोटं दाखवली. पाव माझ्या खिडकीतून पुढे द्यायचे होते. दार उघडायला जागा नव्हती, म्हणून मी सनरूफ उघडलं.