आईचं नाव पेन्शनच्या कागदावर नीट आहे का, एकदा बघा

आमचे अण्णा ८१ वर्षांचे आहेत. तोफखान्यात होते, हवालदार म्हणून रिटायर झाले. हल्ली नातवंडांची नावं चुकतात, पण आर्मी नंबर विचारला की पाठ ताठ होते आणि सगळे आकडे एका दमात येतात. कान जवळपास गेलेत. तोफेजवळ इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ऐकू कमी येणारच.

नोव्हेंबरात त्यांचा हयातीचा दाखला मोबाईलवर केला. बोटांचे ठसे आता उमटत नाहीत, म्हणून चेहरा दाखवून करायचा. त्यात डोळे मिचकवावे लागतात. मी ओरडून सांगतेय, त्यांना ऐकू येत नाही. शेवटी त्यांच्यासमोर बसून मीच डोळे मिचकवून दाखवले, तेव्हा पाचव्या वेळी जमलं. पोस्टमनही घरी येऊन हा दाखला करून देतो, ही सोय चांगली आहे, पण गावातल्या किती म्हाताऱ्यांना ती माहीत आहे? दाखला राहिला की पेन्शन थांबते, आणि ती का थांबली हे सांगायला घरी कोणी येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. माजी सैनिकांसाठी योजना आहेत, बऱ्यापैकी चांगल्या आहेत. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक योजना म्हाताऱ्या माणसाने चालत येऊन मागावी याची वाट बघत बसते. पंचाहत्तरीनंतर हे उलटं व्हायला हवं. सरकारने दारात यायला हवं.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचंच घ्या. २००३ मध्ये सुरू झाली. अण्णा १९९६ च्या आधी निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना वर्गणीसुद्धा भरावी लागली नाही. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, खिशातून पैसा गेला नाही. याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे. पण योजनेचा दवाखाना, पॉलिक्लिनिक, आमच्या गावापासून ५५ किलोमीटरवर. बीपीच्या गोळ्या आणायच्या म्हणजे सकाळची पहिली एसटी, रांग, आणि दुपार टळल्यावर परत. मी आहे म्हणून होतं. एकट्या राहणाऱ्यांनी औषधं मध्येच सोडून दिलेली मी पाहिली आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमच्या आळीतल्या एका काकींचे यजमान फौजेत होते. ते गेले आणि काकींची फॅमिली पेन्शन चौदा महिने अडकली. कारण काय, तर रेकॉर्डला काकींचं माहेरचं नाव. लग्नात तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, आधार कार्डावर तेच आलं, रेशनकार्डावर तेच. फौजेच्या कागदावर मात्र कोणीतरी पन्नास वर्षांपूर्वी जुनं नाव चढवलं ते तसंच राहिलं. मग प्रतिज्ञापत्र, दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला, पुन्हा अर्ज. ज्या बाईने नवरा सीमेवर असताना एकटीने शेत आणि सासू-सासरे सांभाळले, तिने सत्त्याहत्तराव्या वर्षी 'मीच त्यांची बायको' हे सिद्ध करत फिरायचं. मला हे बघवलं नाही.

जन्मतारखेचंही तसंच. ८० पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर २० टक्के जादा मिळतात, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला पेन्शन दुप्पट. विधवेच्या फॅमिली पेन्शनलाही हेच लागू. पण तिची जन्मतारीखच रेकॉर्डला नसेल, तर ती ऐंशीची कधी झाली हे 'स्पर्श'ला, म्हणजे फौजेच्या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीला कळणार कसं? मग वाढ आपोआप लागत नाही, आणि आपल्या घरातल्या बायका मागत नाहीत.

ज्यांची पेन्शनपात्र सेवा झालीच नाही, ते तर आणखी मागे पडलेत. ६५ च्या वरच्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या आणि पेन्शन नसलेल्या सैनिकांना, त्यांच्या विधवांना दरमहा अनुदान आहे. ते ४,००० होतं, नोव्हेंबर २०२५ पासून ८,००० केलंय. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जातो. असं कोणी ओळखीत असेल तर कृपा करून आजच सांगा.

या कार्यालयांत कल्याण संघटक असतात, माजी सैनिकांची नोंदही असते. त्यातून ७५ वरच्यांची गाववार यादी काढून वर्षातून एकदा प्रत्येक घरी जाणं अशक्य आहे का? कागद तपासायचे, गोळ्या मिळतात का विचारायचं, कानाचं यंत्र चालतंय का बघायचं. माणसं कमी आहेत हे मला कळतं. मग माणसं वाढवा. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी आपण सगळेच देतो, त्यातला पैसा या फेरीवर खर्च झाला तर एकही देणारा नाराज होणार नाही.

तोवर आपल्या हातात आहे ते करू. वडील हयात असतानाच पेटी उघडा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, काढा, आईचं नाव, जन्मतारीख आधारशी अक्षर न अक्षर जुळते का बघा. फरक असेल तर अर्जावर वडिलांची सही आत्ता मिळते आहे, ती घ्या.

मी हे काकींचं बघून घरची पेटी उघडली. आईच्या जन्मतारखेत दोन वर्षांचा फरक निघाला. अण्णांनी थरथरत्या हाताने सही केली, खाली नंबर लिहिला. अर्ज परवा स्पीड पोस्टाने गेलाय. पावती पेटीत ठेवलीय, डिस्चार्ज बुकाच्या वर.