जॅक लंडन: फॉरवर्डमधला आणि खरा

जॅक लंडन या अमेरिकन लेखकावरचा एक मजकूर ‘प्रेरणादायी’ म्हणून वर्षानुवर्षं फिरतोय. शाळेचं तोंड न पाहिलेला गरीब पोरगा अलास्कात सोनं शोधायला गेला, सहाशे प्रकाशकांनी हाकललं तरी हटला नाही, मग ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीने त्याला कोट्यधीश केलं, आणि सगळं मिळूनही मन रितं राहिलं म्हणून चाळिसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. खाली कुणीतरी हमखास भर घालतं, ‘आणि प्राण्यांबद्दल तर तो थापाच मारायचा, खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी पकडलं होतं.’

गरिबी खरी, चाळिसावं वर्षही खरं. बाकीचं एकेक तपासू.

शाळेपासून सुरुवात करू. १८७६ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या लंडनने १८९१मध्ये ओकलंडमधलं प्राथमिक शिक्षण पुरं केलं आणि डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखान्यात कामाला लागला. त्याआधीच ओकलंडच्या सार्वजनिक वाचनालयात इना कूलब्रिथ या ग्रंथपाल बाईंनी त्याच्या हाती पुस्तकं द्यायला सुरुवात केली होती. या बाई स्वतः कवयित्री, पुढे कॅलिफोर्नियाच्या पहिल्या राजकवी झाल्या. बोटीवर खलाशी, मग भटक्या, भटकेगिरीबद्दल तीस दिवसांचा तुरुंग, एवढं झाल्यावर हा गडी पुन्हा हायस्कूलच्या बाकावर बसला आणि १८९६मध्ये प्रवेशपरीक्षा देऊन बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. एका सत्रानंतर सोडावं लागलं, पैशापायी. ‘अशिक्षित’ म्हटलं की कहाणी रंगते, पण त्यात त्या वाचनालयाचं श्रेय पार पुसलं जातं.

सोन्याचं म्हणाल तर तो गेला तो क्लोंडाइकचा प्रदेश अलास्कात नाही, कॅनडात आहे. १८९७च्या उन्हाळ्यात तो गेला, पुढच्या उन्हाळ्यात स्कर्व्ही, म्हणजे ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग, घेऊन परतला. गाठीला सोन्याची भुकटी होती ती साडेचार डॉलरची.

सहाशे नकार हा मजकुराचा लाडका आकडा. नकाराच्या चिठ्ठ्या त्याला ढिगाने आल्या, याबद्दल वाद नाही. पण सहाशे नकार पचवून मग पहिलं यश, हा क्रम खोटा आहे. नकार येत होते त्याच वर्षांत छापूनही येत होतं. १८९३मध्ये, सतराव्या वर्षी, जपानजवळच्या समुद्रातल्या वादळावर लिहून त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वृत्तपत्राचं पंचवीस डॉलरचं पहिलं बक्षीस मिळवलं होतं. क्लोंडाइकहून परतल्यावर काही महिन्यांतच, जानेवारी १८९९मध्ये, ‘ओव्हरलँड मंथली’ने त्याची कथा छापली. मोबदला पाच डॉलर, म्हणजे जवळजवळ फुकटच. त्याला खरा हात दिला ‘ब्लॅक कॅट’ मासिकाने. संपादकाने कळवलं की कथेत दमापेक्षा लांबी जास्त आहे, निम्मी कापू दिलीत तर चाळीस डॉलर देतो. लंडनने खुशाल कापू दिली. हा प्रसंग कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण त्यात जिद्द नाही, व्यवहार आहे. रोज हजार शब्द लिहून हातावेगळे करणाऱ्या या माणसाने लेखन हा धंदा मानला होता आणि ते तो लपवत नसे.

‘कोट्यधीश’ हा शब्द तर त्या पुस्तकाला लावूच नये. १९०३मध्ये त्याने ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’चे पुस्तकहक्क मॅकमिलनला दोन हजार डॉलरला उक्ते विकून टाकले, साप्ताहिकात छापण्याचे साडेसातशे वेगळे. रॉयल्टी नाही. पुस्तक धडाधड खपलं ते प्रकाशकाच्या खात्यात. पुढे त्याने बक्कळ कमावलं, पण इतर पुस्तकांवर, आणि ते सारं कॅलिफोर्नियातल्या ग्लेन एलनच्या शेतीत ओतलं.

आता आत्महत्या. मृत्यूचा दाखला सांगतो, मूतखड्याच्या कळांनंतर युरेमिया, म्हणजे मूत्रपिंडं थकून रक्तात विषारी द्रव्यं साठणं. सोबत मूत्रपिंडाचा जुनाट दाह. हे अचानक उपटलं नव्हतं. दक्षिण पॅसिफिक महासागराच्या सफरीत सॉलोमन बेटांवर झालेल्या जखमांवर त्याने पाऱ्याचं जहाल औषध लावलं होतं, दारू होतीच, आणि डॉक्टर पथ्य सांगत असताना हा अर्धीकच्ची भाजलेली रानबदकं खात होता. २२ नोव्हेंबर १९१६च्या सकाळी तो बेशुद्ध सापडला, संध्याकाळी गेला.

मग आत्महत्या आली कुठून? खोलीत मॉर्फिनच्या बाटल्या होत्या. कळांसाठी तो मॉर्फिन घेत असेच. पहिल्यांदा पोचलेल्या डॉक्टरला विषबाधेचा संशय आला, आणि मात्रेचं गणित मांडलेला कागद पाहिल्याचं त्याने सांगितलं ते सुमारे वीस वर्षांनी. १९३८मध्ये आयर्विंग स्टोनने लिहिलेल्या लंडनच्या चरित्राने तेच उचललं आणि ते जगभर गेलं. निकामी मूत्रपिंडांना मॉर्फिन बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे नेहमीची मात्राही जड जाऊ शकते, हा साधा मुद्दा त्यात हरवला. मॉर्फिनचा वाटा शून्य होता असं मी म्हणणार नाही. पण हेतूचा पुरावा कुठे आहे? आदल्याच दिवशी त्याने मुलीला पत्र लिहून दोघी बहिणींना रविवारी जेवायला बोलावलं होतं, हवा बरी असेल तर तळ्यात नौकाविहाराचा बेतही होता.

‘मन रितं’ हे प्रकरण मात्र ओळखीचं आहे. ते ‘मार्टिन ईडन’ या त्याच्या १९०९च्या कादंबरीतलं! तिथे यशस्वी झालेला लेखक समुद्रात जीव देतो. नायकाचं मरण लेखकाला चिकटवून मोकळे झाले सगळे. वर ती कादंबरी व्यक्तिवादावर हल्ला म्हणून लिहिली होती, असं लंडन सांगत राहिला.

राहिले रूझवेल्ट. १९०७मध्ये राष्ट्राध्यक्षांनी प्राण्यांबद्दल भाकडकथा लिहिणाऱ्यांना झोडपलं, त्यात लंडनवर ‘व्हाइट फँग’ या कादंबरीवरून आरोप दोन: बुलडॉग लांडगा-कुत्र्याला भारी पडतो, आणि लिंक्स, म्हणजे एक मोठं रानमांजर, लांडगा-कुत्र्याला ठार करते. पुढच्या वर्षी लंडनने ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकात उत्तर दिलं. माझ्या गोष्टींतला कुत्रा विचार करत नाही, नुसता वागतो, हे मी कथेचा ओघ बिघडवूनही पुन्हापुन्हा लिहिलंय, असं तो म्हणाला. बुलडॉगचा प्रश्न मतभेदाचा म्हणून सोडून दिला. दुसऱ्या आरोपावर त्याचं म्हणणं असं, की राष्ट्राध्यक्षांनी पुस्तक घाईत वाचलेलं दिसतं: माझ्या गोष्टीत लिंक्सच मरते, आणि लांडगा-कुत्रा तिला मारून वर खाऊनही टाकतो.