‘मास्टर कॉन्फिग’ पाठ करून सीसीएनएची लॅब सुटत नाही

गेल्या काही आठवड्यांपासून जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडच्या डिप्लोमा, बीसीए व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘सीसीएनए लॅबचे पाच मंत्र’ अशा मथळ्याचा एक संदेश फिरतो आहे. सीसीएनए म्हणजे सिस्को या नेटवर्क उपकरणे बनवणाऱ्या कंपनीची प्रमाणपत्र परीक्षा, आणि लॅब म्हणजे उपकरणांना कमांड देऊन सोडवायचा तिचा भाग. माझ्यापर्यंत तो धुळ्याला शिकणाऱ्या भाच्याकडून आला. खाली त्याने एवढेच लिहिले होते: “मामा, हाई खरं शे का?” चौकशी केली तेव्हा कळले की दाजी कापसाच्या पैशांतून त्याला त्या संदेशातले ‘लॅब किट’ घेऊन द्यायला निघाले आहेत. एरवी असल्या संदेशांना उत्तर देण्यात मी वेळ घालवत नाही. पण घरचे पैसे जायची वेळ आली म्हटल्यावर गप्प बसणे शक्य नव्हते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: खऱ्या उपकरणांशिवाय लॅब जमत नाही आणि पॅकेट ट्रेसर हे संगणकावर नेटवर्कची नक्कल करणारे सॉफ्टवेअर निव्वळ खेळणे आहे, म्हणून जुन्या राऊटर-स्विचचे ३५ हजारांचे किट घ्यावे, साठ ओळींचे एक ‘मास्टर कॉन्फिग’ (उपकरणाला द्यायच्या कमांडची तयार यादी) पाठ करावे, तेच प्रत्येक उपकरणावर चालते, सबनेटिंगवर (नेटवर्कचे पत्ते लहान गटांत विभागण्यावर) वेळ घालवू नये, कारण कॅल्क्युलेटर असतो, परीक्षेत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ‘डम्प’ (बाहेर फुटलेल्या प्रश्नांचा संग्रह) पुरेसा आहे, आणि नाहीतरी एआयमुळे दोन वर्षांत कमांड लाइन संपणार आहे, तेव्हा फार खोलात शिरू नये. शेवटचा मंत्र खरा असेल तर पहिल्या मंत्रातले किट कशासाठी घ्यायचे, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

या सगळ्याला उत्तर द्यायला सिस्कोनेच प्रसिद्ध केलेली २००-३०१ या (म्हणजे सीसीएनएच्या) परीक्षेची विषयसूची पुरेशी आहे. ती कोणालाही फुकट वाचता येते आणि ऑगस्ट २०२४ पासून तिची १.१ ही आवृत्ती लागू आहे. तिच्यात सहा विभाग आहेत: नेटवर्कची मूलतत्त्वे २० टक्के, नेटवर्क अ‍ॅक्सेस २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी म्हणजेच राऊटिंग २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के आणि ऑटोमेशन १० टक्के. व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळे केलेले नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी जोडणी), इथरचॅनेल (अनेक केबलची मिळून एक जोडणी), स्टॅटिक राऊट (हाताने लिहिलेला मार्ग), सिंगल एरिया ओएसपीएफ (राऊटरनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) या विषयांपुढे कॉन्फिगर करणे आणि केलेले काम तपासून पाहणे, अशी दुहेरी अपेक्षा लिहिलेली आहे. संदेशातल्या पाचही मंत्रांत तपासण्याबद्दल अवाक्षर नाही, आणि दुसऱ्या मंत्राचा सगळा घोटाळा तिथेच आहे.

ते ‘मास्टर कॉन्फिग’ मी उघडून वाचले. त्यात सुरुवातीला होस्टनेम, मग गिगाबिट ०/० या इंटरफेसला १९२.१६८.१.१ हा पत्ता, मग ओएसपीएफ आणि त्यात १.१.१.१ हा राऊटर आयडी (ओएसपीएफमधली राऊटरची ओळख), आणि पुढे त्याच फाइलमध्ये स्विचचे ट्रंक पोर्ट, असा मामला आहे. हे ‘प्रत्येक उपकरणावर’ चिकटवायचे म्हणजे काय होईल? एकमेकांना जोडलेल्या दोन राऊटरना एकच आयपी पत्ता आणि एकच राऊटर आयडी मिळेल. शेजारी राऊटरचा आयडी आपल्यासारखाच असल्याची तक्रार कन्सोलवर उमटत राहील आणि ओएसपीएफचे नाते जुळणारच नाही. साध्या लेयर-२ (राऊटिंग न करणाऱ्या) स्विचच्या पोर्टवर ‘आयपी अ‍ॅड्रेस’ ही कमांड घेतली जात नाही आणि राऊटरच्या नेहमीच्या पोर्टला ‘स्विचपोर्ट’ कळत नाही. म्हणजे फाइलचा निम्मा भाग कुठेही लावला तरी नाकारलाच जाणार.

नाकारला गेला तर बिघडले कुठे, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. समजा फाइलमध्ये आधी गिगाबिट ०/० आणि नंतर फास्टइथरनेट ०/१ आहे, आणि समोरच्या राऊटरवर फास्टइथरनेट पोर्टच नाही. ‘इंटरफेस फास्टइथरनेट ०/१’ ही ओळ आयओएस (सिस्को उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टिम) नाकारतो, खाली ते टोपीसारखे चिन्ह काढतो. मात्र आपण गिगाबिट ०/० च्या मोडमध्येच राहतो. पुढची ‘आयपी अ‍ॅड्रेस’ची ओळ मग निमूटपणे गिगाबिट ०/० ला लागते आणि आधी दिलेला बरोबर पत्ता पुसला जातो. चिकटवताना ओळी झरझर वर सरकत असल्याने चूक दाखवणारी ओळ कोणाच्या नजरेस पडत नाही, आणि मुलगा तासभर केबल तपासत बसतो.

आणखी एक गंमत म्हणजे या फाइलमध्ये ‘नो शटडाउन’ ही पोर्ट चालू करणारी कमांड कुठेच नाही. त्यावरून ती कशी तयार झाली हे लगेच कळते: कोणीतरी चालू राऊटरवर ‘शो रनिंग-कॉन्फिग’ (चालू कॉन्फिग दाखवणारी कमांड) देऊन पडद्यावर आले ते उचलले आहे. पोर्ट चालू असेल तर त्या यादीत ‘नो शटडाउन’ दिसत नाही. स्विचचे पोर्ट मुळातच चालू असतात, पण कोऱ्या राऊटरचे इंटरफेस बंद असतात. म्हणून ही फाइल कोऱ्या राऊटरवर लावली की ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’मध्ये प्रत्येक पोर्टपुढे ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ (कमांडनेच बंद ठेवलेला) असे येईल. ज्याने फाइल बनवली त्याने ती दुसऱ्या राऊटरवर एकदाही लावून पाहिलेली नाही, असे मी खात्रीने सांगतो.

सर्वांत घातक ओळ मात्र ट्रंकची आहे. आधीच्या ट्रंकवरून व्हीलॅन १०, २०, ३० जात आहेत आणि त्यात ५० ची भर घालायची आहे, असे समजा. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ५०’ असे लिहिले तर भर पडत नाही. जुनी यादी जाऊन एकटा ५० उरतो. भर घालायची असेल तर ‘अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ५०’ असे लिहावे लागते. लॅबमध्ये ही चूक झाली तर गुण जातात. नोकरीत जळगावात बसून नंदुरबारच्या शाखेतल्या स्विचवर हे केले आणि व्यवस्थापनाचा व्हीलॅन त्याच ट्रंकवर असला, तर शाखेचे काम थांबते, आपले एसएसएच सत्रही (दुरून उपकरण चालवण्याची सुरक्षित जोडणी) तुटते आणि चूक दुरुस्त करायला गाडी काढावी लागते. म्हणूनच जाणते लोक दूरच्या उपकरणावर असा बदल करण्याआधी ‘रीलोड इन १०’ देऊन ठेवतात. संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी उपकरण पुन्हा सुरू होते आणि बदल जतन केलेला नसल्याने जुने कॉन्फिग परत येते. सगळे ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ द्यायचे. आधी ‘शो इंटरफेसेस ट्रंक’, मग एक ओळ, मग पुन्हा ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ आणि दोन टोकांच्या संगणकांवरून पिंग, ही सवय पाठांतराने लागत नाही. एखाद्या मित्राला आपल्या चालू जोडणीत गुपचूप एक चूक करायला सांगावी आणि केवळ ‘शो’ कमांड वापरून ती हुडकून काढावी. मास्टर कॉन्फिग पाठ करण्यात जाणारा वेळ यात घालवला तर कितीतरी उपयोगी पडेल.

तिसरा आणि चौथा मंत्र यांवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही. शिवाय गेटवे १९२.१६८.१०.६२ आणि संगणक १९२.१६८.१०.७०, दोन्हींना /२६ (म्हणजे ६४-६४ पत्त्यांचे गट), तरी पिंग का जात नाही हे ज्याला ६४ ची सीमा दिसत नाही त्याला कॅल्क्युलेटर हातात देऊनही कळणार नाही. डम्पबद्दल एवढेच की परीक्षेपूर्वी मान्य कराव्या लागणाऱ्या अटींचा तो भंग आहे, आणि त्यापायी सिस्को मिळालेले प्रमाणपत्रही काढून घेऊ शकते. परीक्षेची मूळ फी ३०० डॉलर आहे; ती पणाला लावायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

एआयच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे हे नाइलाजाने मान्य करतो. १.१ या आवृत्तीत जनरेटिव्ह एआय आणि मशीन लर्निंगचा समावेश झाला आहे आणि कॉन्फिग लिहून देणारी साधने आज खरोखर वापरात आहेत. तथापि हा विषय १० टक्क्यांच्या विभागातला एक उपविषय आहे, आणि राऊटिंगचे २५ टक्के अजून जागच्या जागी आहेत.

पहिला मंत्र शेवटी ठेवला, कारण त्यात पैसे गुंतले आहेत. खऱ्या उपकरणाने काही गोष्टी शिकवल्या जातात, यात वाद नाही: यूएसबी-सिरियल केबलचा ड्रायव्हर न बसणे, पुट्टीमध्ये वेग ९६०० नसल्याने पडद्यावर गिचमिड उमटणे, सैल क्लिपची केबल. पॅकेट ट्रेसरमध्ये आयओएसच्या सगळ्या कमांड नाहीत, हेही खरे. पण परीक्षेतली लॅबही संगणकाच्या पडद्यावरच सोडवायची असते. तिथे कोणी राऊटर हातात देत नाही. आठ तासांची खऱ्या अर्थाने प्रयोग परीक्षा असते ती सीसीआयई या सिस्कोच्या वरच्या पातळीच्या प्रमाणपत्राची, आणि संदेश लिहिणाऱ्याने दोन्हींची सरमिसळ केली असावी. पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवून मोफत मिळते, आणि विषयसूचीत असलेला वायरलेस लॅन कंट्रोलरही (वाय-फायची अनेक केंद्रे एकत्र सांभाळणारे उपकरण) त्यात आहे. ३५ हजारांच्या किटमध्ये तो नाही. किटमध्ये २९५० मालिकेचे स्विच आणि २६०० मालिकेचे राऊटर आहेत, ज्यांचे उत्पादन बंद होऊन जमाना झाला. रॅकसाठी बनवलेली ही यंत्रे मे महिन्यात भुसावळच्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत चालवून पाहावीत. पंख्यांच्या आवाजाने शेजारीच तक्रार घेऊन येतील.

भाच्याला किट घेऊ नकोस असे मी सांगितले आहे आणि दाजींशीही बोललो आहे. ज्यांनी पैसे दिलेच आहेत त्यांनी माल ताब्यात घेण्याआधी निदान इतके पाहावे. ‘शो व्हर्जन’मध्ये दिसणारी आयओएसची इमेज (तिची फाइल) एन्क्रिप्शनची सोय असलेली आहे का (नावात बहुधा ‘के९’ असते, २९५० स्विचमध्ये ‘के२’), कारण ती सोय नसेल तर एसएसएचला लागणारी आरएसए की तयार करण्याची कमांडच मिळत नाही आणि एसएसएचचा सराव होत नाही. ‘इरेज स्टार्टअप-कॉन्फिग’ केल्यावर स्विच कोरा झाला, असे विक्रेता म्हणेल. पण व्हीलॅनची माहिती फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ या वेगळ्या फाइलमध्ये असते, ती स्वतंत्रपणे पुसावी लागते. ‘शो व्हीटीपी स्टेटस’ही पाहावे (व्हीटीपी म्हणजे स्विचनी व्हीलॅनची यादी एकमेकांना कळवण्याची सोय), कारण डोमेनचे नाव जुळले आणि जुन्या स्विचचा रिव्हिजन क्रमांक मोठा निघाला, तर जोडताक्षणी तो आपली यादी इतर स्विचवर लादतो आणि तुमचे व्हीलॅन नाहीसे होतात. असा स्विच कॉलेजच्या चालू नेटवर्कला तर अजिबात जोडू नये.