ओढा धरून उतरायचं? खारघरात तरी नको!

पावसाळा आला की नवी मुंबईतल्या खारघर-बेलापूरकडच्या ग्रुपवर हा संदेश फिरू लागतो: ‘डोंगरात वाट चुकलात तर ओढा शोधा, त्याच्या कडेने उतरा, गाव लागतंच. गचपणात पायवाट दिसली की बिनधास्त धरा. मोबाईलवर मार्ग असेल तर वाटाड्या नको. सोबत कोयता ठेवा. खाजकुइली लागली तर पाण्याने चोळून धुवा.’

ओढ्याचा सल्ला सर्वांत घातक. सपाट मुलखात चालेलही, पण सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा. इथे ओढा उतरत नाही, कोसळतो. खारघरच्या पांडवकडा धबधब्यात पाणी सुमारे १०० मीटर खाली पडतं. ओढा धरून आलेला माणूस नेमका अशाच एखाद्या कड्याच्या माथ्यावर पोचतो, आणि खालच्या इमारती इतक्या जवळ दिसतात की अजून थोडं उतरून बघू असं वाटतंच. फसगत होते ती त्याच्या आधीच्या छोट्या टप्प्यांवर. शेवाळलेल्या कातळावरून बसत-घसरत पुरुषभर उतरता येतं, परत चढता येत नाही. पाण्याच्या आवाजात हाक विरते, घळीत रेंज नसते. त्यापेक्षा आल्या वाटेने मागे फिरा. तेही जमेना, तर विजा चमकत नसल्यास डोंगराच्या उघड्या सोंडेवर या आणि ११२ हा मदतीचा नंबर लावा.

पायवाटेचं म्हणाल, तर आधी जरा थांबून बघा. गुडघ्यापर्यंत मोकळी आणि छातीशी फांद्या भिडलेल्या असतील तर ती ढोरवाट, कुठेही विरून जाईल. माणसांच्या वाटेवर खांद्याच्या उंचीला छाटलेल्या फांद्यांची टोकं सापडतात. कारवीची झुडपं डोक्यावर गेली की एवढीच खूण उरते.

जीपीएसला रेंज लागत नाही, हे खरं. नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर ठिपका दिसतो. पण तो मार्ग बहुधा कुणीतरी उन्हाळ्यात, गवत वाळल्यावर चाललेला असतो. सप्टेंबरात तिथे रानमोडी नि घाणेरीची झुडपं माजलेली असतात, आणि कड्याच्या काठावर ठिपका दहा मीटर चुकला तरी महागात पडतं. खारघरच्या डोंगरावरच्या फणसवाडी-चाफेवाडीतलं कुणी सोबत घ्या, त्यांच्या दिवसाचे पैसे द्या. घासाघीस नको.

कोयता घरीच राहू द्या. उदाहरणार्थ, ठाण्याजवळचं येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे विनापरवाना शिरणं आणि झाडं तोडणं गुन्हा आहे.

राहिली खाजकुइली. चोळलं की शेंगेवरची ती सोनेरी कुसं आणखी रुततात, पसरतात. आधी चिकटपट्टी दाबून उपटा, मग धुवा. गावाकडे शेण लावून, वाळलं की खरवडून काढतात.