खुलासा : स्विस जर्मन ही ‘अडाण्यांची बोली’ नव्हे

नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडला निघालेल्या मराठी मंडळींत एक सल्ला फिरतोय: ‘तिथले शिकलेले लोक शुद्ध जर्मन बोलतात. स्विस जर्मन म्हणजे खेड्यातली बिघडलेली बोली, तिच्या नादी लागू नका.’

हे साफ चूक आहे. झ्युरिकमधला बँकेचा संचालक असो की ट्रॅमचालक, घरी आणि आपापसात बोलतो ती स्विस जर्मन बोलीच. प्रमाण जर्मन येते लिहिताना, शाळेच्या वर्गात, परक्यांशी बोलताना. सार्वजनिक वाहिनीवर मुख्य बातम्या प्रमाण जर्मनमध्ये आणि लगेच येणारा हवामानाचा अंदाज मात्र बोलीत!

‘पुणेरी प्रमाण, वऱ्हाडी बोली’ ही तुलनाही इथे लागू पडत नाही. आपल्याकडे प्रमाणाच्या जवळची मराठी घरात बोलणारी कुटुंबं आहेत. तिथे तसं स्थानिक कुटुंब विरळाच. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ च्या निबंधात अशा दुहेरी व्यवहाराची (बोलायला एक, लिहायला दुसरी) चार उदाहरणं घेतली, त्यांत अरबी, ग्रीक आणि हैतीच्या क्रिओलच्या जोडीला स्विस जर्मन होती.

‘बिघडलेली’ म्हणणाऱ्यांनी व्याकरण पाहावं. ‘मी होतो’ला प्रमाण जर्मनमध्ये ‘इश वार’. बोलीत हा साधा भूतकाळच नाही, झ्युरिककर ‘इख बी ग्सी’ म्हणतो. तिची लाज वगैरे कुणाला नाही. १५ मे २०११ ला झ्युरिक प्रांताच्या मतदारांनी बालवाडीत बोलीच ठेवावी असा कौल दिला.

क्लास प्रमाण जर्मनचाच लावा, अर्ज आणि करार त्यातच असतात. पण जेवणाच्या सुट्टीत सहकारी काय बोलतात ते कळायला हवं असेल, तर कान बोलीला लावावा लागेल.