गालिच्याची हजामत

आमच्या दिवाणखान्यातला गालिचा फरशीवर नसून पाण्याखाली आहे. साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद आणि छत्तीस उंच अशा काचेच्या टाकीत मी ‘मॉन्टे कार्लो’ ही अर्जेंटिनातून आलेली, इवल्याशा गोल पानांची वनस्पती लावली. तिचे चिमूट-चिमूट झुपके चिमट्याने मातीत रोवताना माझी मान दोन दिवस एकाच बाजूला राहिली होती. तीन महिन्यांत तिने तळ झाकला, आणि मी आल्यागेल्याला चहाच्या आधी टाकीपुढे उभे करू लागलो.

हा गालिचा वाढत असल्यामुळे तो वेळोवेळी कापावा लागतो. न कापल्यास वरच्या पानांच्या सावलीत खालची पाने पिवळी पडून कुजतात, मुळांची पकड सुटते आणि उजेडात पानांतून निघणारे प्राणवायूचे बुडबुडे त्या दाट गादीत अडकून तिला वर उचलू लागतात. हे सगळे मला ठाऊक होते. पण ज्या हिरवळीसाठी रोज घड्याळ लावून कार्बन डायऑक्साइड सोडला, तिच्यावर कात्री चालवणे जिवावर येई, आणि तो बेत मी रविवारमागून रविवार पुढे ढकलत राहिलो. अखेर एका सकाळी गादीचा डावा कोपरा तव्यावरच्या पापडासारखा वर आलेला दिसला.

फिल्टर बंद केला, गॅस बंद केला, बाही काखेपर्यंत सरकवली आणि टोकाशी वाकलेली लांब कात्री घेऊन मी स्टुलावर चढलो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असतो, हे दहावीत दोन गुणांसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी समजला. वरून पाहताना तीस सेंटिमीटरवरचा तळ जेमतेम बावीस-तेवीसवर असल्यासारखा भासतो, त्यामुळे माझी कात्री बराच वेळ नुसतेच पाणी कापत होती. समोरच्या काचेतून पाहावे, तर मनगट पृष्ठभागाशी तुटून दुसऱ्याच कुणाला जोडल्यासारखे दिसे, आणि त्या परक्या हाताला डावे-उजवे सांगताना माझी वाचा शिणली.

त्यात कोळंब्यांची भर पडली. जलवनस्पतींच्या मांडणीला कलेचा मान मिळवून देणारे जपानी छायाचित्रकार ताकाशी आमानो (१९५४–२०१५) यांनी शेवाळ खाण्यासाठी ज्या कोळंब्या या छंदात रूढ केल्या आणि ज्या आज त्यांच्याच नावाने विकल्या जातात, त्यांपैकी सहा आमच्याकडे आहेत. काचेवरचे शेवाळ सोडून त्या सहाही जणी माझ्या हातावर चढल्या आणि एकेक केस पायांत धरून, पारखून साफ करू लागल्या. गुदगुल्या झाल्या म्हणून हात झटकावा, तर कात्री भलतीकडेच जाई. अशाच एका झटक्यात हिरवळीच्या मधोमध टक्कल पडले. तिथे पिवळी, दोऱ्यासारखी देठे उघडी पडली होती.

कापलेली पाने खाली बसतील, अशी माझी भाबडी समजूत होती. ती सगळी तरंगली. जाळीने एक मूठ काढावी, तोवर दोन मुठी निसटून माझ्या कोपराला, काचेला आणि फिल्टरच्या तोंडाला चिकटत. कोपरावरून ओघळणारे पाणी नेमाने माझ्या पायमोज्यात जमा होत होते. टक्कल निदान गोल तरी दिसावे म्हणून मी कडेचा एक हट्टी झुपका जरासा ओढला. क्षणभर काहीच झाले नाही. मग गोधडी झटकावी तसा अर्धा गालिचा, मुळांसकट आणि मुळांना लटकलेल्या काळ्या मातीसकट, सावकाश वर आला आणि सगळी टाकी कॉफीच्या रंगाची झाली. निऑन टेट्रा माशांची लाल-निळी रेघ त्या गढूळात एकदा चमकली आणि दिसेनाशी झाली.

हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून तो गालिचा मी कणकेच्या परातीत काढून ओट्यावर ठेवला आणि पाणी बदलायला बादली आणायला गेलो. परतलो तेव्हा आई चष्मा लावून परातीपुढे बसली होती आणि तिने बोटभर निवडूनही टाकले होते.

“अरे, इतकी समुद्रमेथी कुणी आणतं का? आणि माती बघ केवढी! तो भाजीवाला तुला नेहमी फसवतो.”

रोपांच्या त्या लहानशा डबीला मी किती रुपये मोजले होते, हे सांगण्यापेक्षा भाजीवाल्याने फसवल्याचे कबूल करणे मला अधिक सोयीचे वाटले.